अजगराला आग्रह नको : ब्लड पायथनची निगा आणि आपली माया



मागच्या वेळी आपण ‘काळजी’ या शब्दावर बोललो. संपल्यावर एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली. तिचा मथितार्थ असा, की तुमची सगळी उदाहरणं आईची, परिचारिकेची, शिक्षकाची. ज्याची काळजी घेतो तो कधी ना कधी हसतो, आभार मानतो, निदान शेपूट हलवतो. जो यातलं काहीच करत नाही, त्याची काळजी घेणं म्हणजे नेमकं काय? आक्षेप बिनतोड होता. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ : घरात पाळलेला ब्लड पायथन. तत्त्वज्ञानाच्या वर्गात साप कुठून आला, असं वाटेल. तो कसा आला तेही सांगतो.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही इंग्लंडमध्ये एका जुन्या विद्यार्थिनीकडे तीन आठवडे मुक्कामाला होतो. तिच्या बैठकीच्या खोलीत एका लांबलचक पेटीत ब्लड पायथनची मादी होती. जाडजूड, विटकरी लाल, मांडीएवढी आणि हलायचं नाव नाही. बाहेर बर्फ पडत होतं. एका रात्री आम्हाला वाटलं, बिचारी मलायाकडची, उष्ण मुलखातली. हिला थंडी वाजत असणार. आम्ही कुणाला न विचारता थर्मोस्टॅटचा काटा 30 वरून 33 वर नेला आणि पुण्यकर्म केल्याच्या समाधानात झोपलो. सकाळी पाहतो तर ती सगळीच्या सगळी पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसलेली, आणि जवळ गेलं की भात्यासारखे फूत्कार. विद्यार्थिनीनं काटा परत खाली आणला आणि एवढंच म्हणाली, “सर, तिला उकडत होतं.”

आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे. थंडी आम्हाला वाजत होती. उपाय मात्र आम्ही तिच्यावर केला.

आधी प्राण्याची ओळख. ब्लड पायथन म्हणजे रक्तासारख्या रंगाचा अजगर. शास्त्रीय नाव पायथन ब्राँगर्समाय. लिओ ब्राँगर्स्मा या डच प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून दिलेलं. मूळ प्रदेश दक्षिण थायलंड, मलाय द्वीपकल्प आणि सुमात्राचा पूर्व भाग. त्याचे दोन सख्खे भाऊ म्हणावेत असे अजगर आहेत : एक पश्चिम सुमात्रातला काळसर, दुसरा बोर्निओतला. पूर्वी तिघांना एकच जात मानत. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर ते स्वतंत्र मानले जाऊ लागले. तिघांचीही शेपटी आखूड. लांबी साधारण 4 ते 6 फूट, म्हणजे अजगरांच्या मानानं बेताचीच, पण घेर आणि वजन भरपूर. राहणं दलदलीत, ओढ्याकाठी, पालापाचोळ्यात. हल्ली पाम तेलाच्या मळ्यांतही, कारण तिथे उंदीर मुबलक. हा झाडावर चढून भटकणारा साप नाही. ओल्या सावलीत दबा धरून बसायचं आणि भक्ष्य समोर आलं की झडप घालायची, हा त्याचा धंदा.

आता ‘दलदल’ आणि ‘सावली’ हे दोन शब्द धरून ठेवा. त्यातून पेटी कशी असावी ते जवळपास सगळं निघतं.

पहिली गोष्ट ऊब. साप स्वतःचं शरीर आपल्यासारखं आतून गरम ठेवत नाही. तो जागा बदलून तापमान सांभाळतो. म्हणून पेटीला एकच तापमान देऊन चालत नाही, दोन टोकं लागतात. उबदार टोक साधारण 30 ते 31 अंश सेल्सिअस, थंड टोक 25-26 च्या आसपास. हीट मॅट असो वा वरून ऊब देणारं उपकरण, थर्मोस्टॅट हवाच; नाहीतर साप भाजण्याची भीती असते. 32 च्या वर मात्र हा अजगर त्रासतो. उष्ण कटिबंधातला म्हणजे उन्हातला, ही आपली समजूत. तो त्या मुलखातल्या थंड चिखलात बसलेला असतो, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट दमटपणा. आर्द्रता 60 ते 70 टक्के असावी, कात टाकायच्या दिवसांत थोडी अधिक. हवा कोरडी पडली तर कात सलग न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरचा पापुद्रा अडकतो. पण इथेही आपली माया आडवी येते. दलदलीतला प्राणी ना, मग चिखलच करून ठेवू, असं करून चालत नाही. दलदलीत वारा खेळतो. बंद पेटीत तो कोंडतो. सतत ओल्या अंथरुणावर पोटाचे खवले सडतात, कोंदट हवेत फुप्फुसाचा संसर्ग होतो. तेव्हा ओलसर हवं, पण ओलंगिच्च नको, आणि हवा खेळती हवी. खाली झाडाच्या सालीचा भुसा घालतात, काही जण साधा वर्तमानपत्राचा कागद घालतात. कागद दिसायला गरीब, पण बदलायला सोपा. पाण्याचं भांडं जड आणि एवढं मोठं हवं की साप आत बसू शकेल. पाणी रोज बदलायचं.

तिसरी गोष्ट जागा. पूर्ण वाढलेल्या सापासाठी 4 फूट लांब, 2 फूट रुंद पेटी ही बरीच वर्षं किमान समजली गेली. आता अनेक जण म्हणतात की सापाला पूर्ण लांब होऊन पडता आलं पाहिजे. आम्हाला ते पटतं. पण नुसती मोठी पेटी म्हणजे सुख नव्हे. मोठ्या उघड्या पेटीत हा साप बिथरतो, कारण पाठीमागे आडोसा नसतो. दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा द्यायची, अंगाला सगळीकडून टेकेल इतकी अरुंद. आपल्याला ऐसपैस जागा आवडते, त्याला चेपून बसणं आवडतं. आणि एका पेटीत एकच साप. ‘एकट्याला करमत नसेल’ ही काळजी आपली, त्याची नव्हे.

आता जेवण. इथे आपण मराठी माणसं हमखास चुकणार, कारण आपलं प्रेम आग्रहातून व्यक्त होतं. ‘अजून एक पोळी घ्या.’ या अजगराची पचनशक्ती संथ आहे. पिल्लांना 7 ते 10 दिवसांनी एकदा. मोठ्यांना 2 ते 4 आठवड्यांनी एकदा, आणि तेही त्याच्या अंगाच्या सगळ्यांत जाड भागाहून रुंद नसलेलं भक्ष्य. बहुतेक जाणकार गोठवलेले उंदीर वापरतात. फ्रीजमध्ये सावकाश वितळवून, मग कोमट पाण्यात गरम करून, लांब चिमट्यानं देतात. जिवंत उंदीर देऊ नये. त्यात उंदराचे हाल होतातच, शिवाय कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करतो. जेवणानंतर किमान दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर येतं. या सापाची विष्ठाही कित्येक आठवड्यांच्या अंतरानं होते. नवा पाळणारा त्यानंच घाबरतो. रोगापेक्षा अतिखाण्यानं हे अजगर लवकर बिघडतात. मुळात जाड असल्यामुळे लठ्ठ झालेला ओळखूही येत नाही.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर नाथांनी एकनाथी भागवत रचलं, अवधूताच्या चोवीस गुरूंत अजगर आहे. शिकवण अशी, की मिळालं तर खावं, नाही मिळालं तर निवांत पडून राहावं. आपण ते वैराग्याचं रूपक म्हणून वाचतो. अजगराच्या बाजूनं पाहिलं तर ते वैराग्य नाही, शरीराचा हिशेब आहे. आणि त्याच परंपरेत आपण नागपंचमीला नागापुढे दूधही ठेवतो. सापाला दूध पचत नाही. तो ते प्यायलाच तर बहुधा तहानेनं व्याकूळ झाल्यामुळे. त्या बिचाऱ्याला आधी पाण्याविना ठेवलेलं असतं. श्रद्धा खरी, माया खरी, आणि हाल सापाचे.

आता स्वभाव. ब्लड पायथन चिडका, चावरा, अशी त्याची जुनी ख्याती. ती कशी झाली? सुरुवातीला पाळणाऱ्यांकडे जे अजगर पोचले, त्यांतले बरेच रानातून धरून आणलेले : तहानलेले, पोटात जंत, प्रवासानं अर्धमेले. त्यांना कोरड्या, तापलेल्या, उघड्या पेट्यांत ठेवलं आणि ते चावले, तेव्हा लोक म्हणाले, जातच वाईट. पाळीव अजगरांच्या पोटी जन्मलेली पिल्लं नीट ठेवली तर मोठी होऊन बरीच शांत निघतात. म्हणजे ज्याला आपण ‘स्वभाव’ म्हणत होतो, त्यातला मोठा भाग आपल्याच निष्काळजीपणाचा आरसा होता. माणसांबद्दल आपण असेच किती निकाल देऊन मोकळे होतो, त्याचा विचार घरी जाऊन करू.

हाताळताना पुढून डोक्यावर हात नेऊ नये. बाजूनं, सावकाश, दोन्ही हातांनी पूर्ण वजन पेलून उचलावं. लटकता भाग राहिला की तो घाबरतो. फूत्कार, शेपटीचे फटके म्हणजे ‘आज नको’. तोंड उघडं ठेवून श्वास, श्वासात घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले तर घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावं. आणि हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणानं हात धुवावेत. सापांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे. थॉमस नेगेलनं 1974 मध्ये एका निबंधात विचारलं होतं, वटवाघूळ असणं म्हणजे कसं असतं? त्याचं म्हणणं, वटवाघळाबद्दल सगळी माहिती मिळवली तरी आतून ते कसं वाटतं हे आपल्याला कळणार नाही. ब्लड पायथनच्या ओठांच्या खवल्यांत उष्णता जाणवणाऱ्या खाचा असतात. अंधारात उबदार उंदीर त्याला कसा ‘दिसतो’, आपण सांगू शकत नाही. मग काळजी कशी घ्यायची? उत्तर असं, की आतलं कळत नसेल तर बाहेरचं नीट पाहायचं. तो पेटीच्या कुठल्या टोकाला बसतो, पाण्यात का उतरतो, कात कशी निघते. आमची विद्यार्थिनी वहीत तारीख, वजन, जेवण, कात, विष्ठा एवढंच लिहायची. आम्हाला आधी ते कोरडं वाटलं. आता वाटतं, ती वही हेच तिचं प्रेम होतं. आम्ही सापाची कल्पना केली. तिनं सापाकडे पाहिलं.

इंग्लंडचा 2006 चा प्राणी कल्याण कायदाही हेच सांगतो. योग्य परिसर, योग्य आहार, स्वाभाविक वागण्याची मुभा, सोबत किंवा एकांत जे त्या प्राण्याला हवं ते, आणि वेदना-रोगांपासून संरक्षण. या पाच गरजांत ‘लाड’ हा शब्द कुठेच नाही.

मग आपण पाळावा का? आधी कायदा. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरात ठेवणं गुन्हा आहे. ब्लड पायथन परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्यावर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. विमानतळांवर सामानात कोंबलेले परदेशी साप पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. मागणी आपल्यासारख्या घरांतूनच येते, हे विसरू नये.

आणि कायद्यापलीकडचा प्रश्न. हा अजगर नीट सांभाळला तर 20 वर्षांहून अधिक जगतो. पंचाहत्तरीच्या माणसानं तो आणला, तर ते वचन तो स्वतःच्या नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर देतो. आम्ही परत निघताना विद्यार्थिनीनं विचारलं होतं, “सर, तुम्हाला एक पिल्लू हवंय का?” आम्ही नाही म्हणालो. तिच्या पेटीशी तीन आठवडे बसून काळजीबद्दल जे शिकलो, त्यातून निघणारं प्रामाणिक उत्तर तेच होतं. न आणणं हीसुद्धा काळजीच.

 आता प्रश्न घेऊ या.