शीतजलांतील दफ्तर

पोथी तेलापाण्यापासून जपावी, अशी विनवणी लेखक ग्रंथाच्या अखेरीस करीत आले आहेत. पाणी हें कागदाचें वैरी, हें संग्राहकांस सांगावयास नको. तथापि अतिशीत पाण्यांत, गाळाखालीं, कागद टिकूं शकतो, हें उत्तर कॅनडांतील पाणबुड्यांच्या शोधावरून दिसून येत आहे.

सन १८४५ च्या मे महिन्यांत सर जॉन फ्रँकलिन ‘इरेबस’ व ‘टेरर’ हीं जहाजें घेऊन वायव्य जलमार्गाच्या शोधार्थ इंग्लंडांतून निघाला. बर्फांत शिरलेल्या १२९ जणांपैकीं एकही परतला नाहीं. १८५९ सालीं किंग विल्यम बेटावर एक छापील कागद सांपडला. त्याच्या समासांतील ता. २५ एप्रिल १८४८ ची नोंद अशी कीं, फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजीं वारला, एकंदर २४ माणसें मेलीं व बर्फांत अडकलेलीं जहाजें २२ एप्रिल रोजीं सोडलीं. इतकीं माणसें कशानें मेलीं, याविषयीं अवाक्षर नाहीं.

एक जहाज दक्षिणेकडे बुडालें, असें तेथील इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत. ऐकीव म्हणून पुष्कळांनीं तें बाजूस सारलें. २०१४ सालीं ‘इरेबस’ त्याच टापूंत, सुमारें ३६ फूट पाण्यांत, सांपडलें. (बखरी सरसकट त्याज्य मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.)

त्या समुद्रांत लाकूड पोखरणारा जहाजी किडा नसतो. थंडीमुळें कुजण्याची क्रिया मंदावते, व बारीक गाळ वस्तूंस प्राणवायूपासून झांकून ठेवितो. पाणबुड्यांच्या पोशाखांत नळीनें ऊन पाणी खेळवितात व श्वासाची हवाही वरूनच पुरवितात. म्हणून त्यांस तेथें बराच वेळ काम करितां येतें. गाळ हलतांच मात्र समोरचें कांहींच दिसत नाहीं. २०२२ सालीं ‘इरेबस’वरील खानसाम्याच्या कोठडींतून चामड्याच्या वेष्टणांतील पानें निघालीं, आंत पिसाची लेखणी तशीच होती! असा कागद वर काढतांच वाळूं दिल्यास पानें चिकटून जातात. म्हणून तो ओला व थंडच ठेवून प्रयोगशाळेंत न्यावा लागतो. रुमाल सोडतांना आपण घाई करीत नाहीं, तोच न्याय.

पण येथें सवडही फार नाहीं. बर्फ वितळल्यावर वर्षांतून थोडेच आठवडे काम चालतें, आणि ‘इरेबस’ उथळ पाण्यांत असल्यामुळें वादळी लाटांनीं त्याचा सांगाडा मोडत चालला आहे. २०१६ सालीं सांपडलेलें ‘टेरर’ अधिक खोल व पुष्कळ सुस्थितींत आहे. २०१९ सालीं त्यांत यांत्रिक कॅमेरा फिरविला, तेव्हां कप्तानाचें मेज गाळांत जागच्या जागीं दिसलें. निजण्याच्या खोलीचें दार तेवढें बंद होतें.