हवेचे वजन आणि बलूनचे उड्डाण

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. सफदरजंगचा जुना विमानतळ तिच्या शेजारीच आहे. विमानाला पंख असतात, इंजिन असते. ते का उडते, याचे काहीतरी उत्तर कोणीही देऊ शकतो. पण ज्याला पंख नाहीत आणि पुढे ओढणारे यंत्रही नाही, असा कापडी बलून चार माणसांना घेऊन आकाशात चढतो, तो कशाच्या बळावर? ‘गरम हवा हलकी असते म्हणून,’ असे शाळकरी मूलही सांगेल. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे.

पहिली गोष्ट ही, की हवेला वजन असते, आणि ते आपल्या कल्पनेपेक्षा बरेच जास्त असते. एक घनमीटर हवा साधारणपणे सव्वा किलो भरते. सरकारी क्वार्टरातील एखादी खोली चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच धरली, तर तिच्यातील हवेचे वजन सुमारे पन्नास किलो होईल. ज्या खोलीस आपण रिकामी म्हणतो, तीत गव्हाचे अर्धे पोते मावले आहे असे समजावे.

पाण्यात बुडविलेल्या वस्तूला पाणी वर रेटते, आणि तो रेटा त्या वस्तूने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो, हा आर्किमिडीजचा सिद्धान्त. हवेलाही हाच नियम लागू आहे. बलूनचे तोंड खाली उघडे असते. आतील हवा तापली की ती प्रसरण पावते आणि तिचा काही भाग त्या तोंडातून बाहेर पडतो. आकार तोच, पण आतील हवा कमी. अशा वेळी सभोवारची थंड, जड हवा बलूनला वर ढकलते. तापलेली हवा स्वतः चढत नाही. तिला चढविले जाते.

हा भेद प्रथम बलून उडविणाऱ्यांनाही उमगला नव्हता. फ्रान्समधील माँगोल्फिए बंधूंनी 4 जून 1783 रोजी आनोने या गावी आपला बलून लोकांसमोर उडविला, तेव्हा तो धुरातील एखाद्या विशेष वायूमुळे चढतो अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते गवत आणि लोकर जाळीत. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दोन माणसे मोकळ्या बलूनमधून पंचवीस मिनिटे उडाली. प्रयोग यशस्वी झाला, कारणमीमांसा मात्र चुकली होती. धूर निमित्तमात्र होता. काम उष्णतेचे होते.

आता दिल्लीच्या हवामानाचाच हिशेब करून पाहावा. 2200 घनमीटरांचा बलून घेतला आणि आतील हवा 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापविली. जानेवारीच्या पहाटे बाहेर 5 अंश असतील, तर हा बलून सुमारे 700 किलो भार तोलून धरील. मे महिन्याच्या दुपारी पारा 45 अंशांवर असेल, तर तोच बलून, तितक्याच तापलेल्या हवेने, जेमतेम 350 किलो तोलील. कापड, टोपली, शेगडी आणि गॅसच्या टाक्या यांचेच वजन जवळपास तेवढे भरते. मग माणसांना जागा कोठली? यावरून उघड होते, की बलूनचे बळ आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या वजनातील फरकात असते. पहाटेची वेळ बलूनवाल्यांना प्रिय असते, त्याचे हे एक कारण. त्या वेळी वारा शांत असतो, हे दुसरे.

या नियमाची कसोटी पाहणारे उड्डाण महाराष्ट्रात झाले. 26 नोव्हेंबर 2005 रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईतून उष्ण हवेच्या बलूनने निघाले आणि 21 किलोमीटरांहून अधिक उंची गाठून नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील पंचाळे येथे उतरले. 1988 साली पेर लिंडस्ट्रँड यांनी केलेला, सुमारे 19.8 किलोमीटरांचा विक्रम त्यांनी मोडला. त्या वेळी त्यांचे वय 67 वर्षांचे होते. इतक्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने पंधरा-सोळा पटींनी विरळ होते. बाहेरची हवाच हलकी, मग ती ढकलणार किती? म्हणून तेथे बलून अतिप्रचंड लागतो. शिवाय तेथील दाब एवढा कमी असतो, की उघड्या टोपलीत माणूस जगूच शकत नाही. सिंघानिया बसले होते ते हवाबंद कुपीत.

बलून किती उंच जाईल, याला अशी मर्यादा आहे. आणि ती घालणारी आतली आग नसून बाहेरची हवा आहे. जी हवा आपल्याला दिसत नाही आणि जिचे ओझे आपल्याला जाणवत नाही, तिच्याच वजनावर माणूस प्रथम आकाशात चढला.