चांदा प्रांताच्या शस्त्रसंग्रहांत रिव्हॉल्व्हर कोणतें घ्यावें ?

१. इतिहासाच्या संग्रहांत तरवारी, कट्यारी, ढाली व तोड्याच्या बंदुका यांस मानाचें स्थान मिळतें. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जें आटोपशीर शस्त्र इंग्रज अंमलदारांच्या कमरेस दिसूं लागलें, त्या रिव्हॉल्व्हरची पारख मात्र क्वचितच केली जाते. याचा परिणाम असा होतो कीं, एखादें जुनें व जड रिव्हॉल्व्हर हातीं आलें म्हणजे तें सत्तावनच्या धामधुमींतील आहे असें सांगून मोकळें व्हावयाचें, आणि त्या सांगण्यासच पुढें परंपरेचें स्वरूप यावयाचें. जुन्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या चंद्रपूर व १९८२ सालीं त्यांतून निघालेल्या गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, या चुकीस विशेष वाव आहे. येथें १८५८ चा उठाव झाला. नंतर जंगलखात्याचा अंमल बसला. आणि शिकारीचा काळ तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापर्यंत चालला. या तीन काळांचीं रिव्हॉल्व्हरें एकमेकांहून निराळीं आहेत.

संग्रहासाठीं कोणत्या प्रकारचें रिव्हॉल्व्हर निवडावें, हा प्रस्तुत लेखांतील पहिला प्रश्न. व तें उडवितां येईल काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या मोहानें पहिल्याचें उत्तर बिघडूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

२. प्रथम कांहीं शब्दांचा अर्थ निश्चित करूं. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचें माप. जुन्या पद्धतींत तें वजनावरून सांगत. एक रत्तल शिशाच्या ज्या मापाच्या १२ सारख्या गोल गोळ्या होतात तें १२ बोअर. हें माप शिकारी बंदुकीवरून सर्वांस ठाऊक आहे. त्याच हिशेबानें ५४ गोळ्या झाल्या तर ५४ बोअर, म्हणजे ०.४४२ इंच, ३८ झाल्या तर सुमारें अर्धा इंच. म्हणून या पद्धतींत आंकडा जितका लहान तितकी नळी मोठी. काडतुसी रिव्हॉल्व्हरें आल्यावर माप सरळ इंचांत देऊं लागले. रिव्हॉल्व्हरचें मुख्य अंग म्हणजे त्याचें फिरतें चक्र. त्यांत पांच किंवा सहा घरें असतात. पाठीमागून जो आघात करतो तो घोडा, व बोटानें ओढावयाचा तो चाप.

३. आतां पहिला काळ घेऊं. चांद्याच्या उठावाच्या तारखा निश्चित आहेत. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनीं १८५८ च्या मार्चांत राजगड परगणा घेतला. अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यांस मिळाले. २९ एप्रिल रोजीं प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारखात्याच्या छावणीवर छापा पडला व गार्टलंड आणि हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. सप्टेंबरांत अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांकडून बाबूराव पकडले गेले, व २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांदा येथें त्यांस फांशी देण्यांत आलें. कॅप्टन क्रायटन हा त्या वेळीं चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता.

या आठ महिन्यांत कोणाही अंमलदाराजवळ जें रिव्हॉल्व्हर असेल तें टोपीचें व ठासणीचेंच असावयास पाहिजे. त्यांत दोन घराणीं प्रमुख. पहिलें अमेरिकन कोल्टचें. त्याचा लंडन येथील कारखाना १८५३ पासून तीनचार वर्षें चालला. त्याच्या १८५१ च्या नमुन्यास सहा घरें व नळी ०.३६ इंच; प्रत्येक बारास अंगठ्यानें घोडा चढवावा लागे. दुसरें इंग्लंडांतील रॉबर्ट ॲडम्स याचें, तेंही १८५१ चेंच. त्यास पांच घरें, सांगाडा व नळी एकसंध, आणि गोळी ५४ किंवा ३८ बोअरची. त्यांत घोडा अंगठ्यानें चढवितां येत नसे. चाप जोरानें ओढला कीं घोडा चढे व पडे. यामुळें बार जलद होई, पण नेम ढळे. हा दोष क्रिमियाच्या युद्धांत भाग घेतलेल्या ब्यूमाँट नांवाच्या लेफ्टनंटानें काढून टाकला. त्याचें पेटंट २० फेब्रुवारी १८५६ चें असून त्या रचनेंत अंगठा व चाप या दोहोंनींही घोडा चढवितां येतो. हेंच ब्यूमाँट-ॲडम्स ब्रिटिश सैन्यानें त्या वर्षीं स्वीकारलें. सत्तावन-अठ्ठावनचें मोठ्या बोअरचें रिव्हॉल्व्हर संग्रहांत पाहिजे असेल तर निवड याची करावी.

त्या वेळच्या चकमकींचा अर्थ लावतांनाही ही रचना ध्यानांत ठेवणें जरूर आहे. प्रत्येक घरांत दारू व गोळी ठासून मागें टोपी बसवावयाची. पांच बार संपल्यावर धामधुमींत पुनः भरण्यास सवड कोठली? रात्रीं छावणीवर माणसें चालून आलीं तर पांच बारांनंतर तें शस्त्र म्हणजे लोखंडाचा दंडुका. इंग्रजांपाशीं सहाबारी होती व गोंडांपाशीं भालेबरच्या, एवढ्यावरून लढाईचा निकाल आधींच ठरलेला होता असें मानणें बरोबर नाहीं.

४. येथें नांवाच्या घोटाळ्याचा एक इशारा देणें अवश्य वाटतें. १८१८ च्या मे महिन्यांत चांद्याचा किल्ला सर करणारा इंग्रज सेनापति कर्नल ॲडम्स. बंदूककार रॉबर्ट ॲडम्स याचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. रिव्हॉल्व्हरवर ॲडम्स हें नांव वाचून तें किल्ला घेणाऱ्याचें समजणें म्हणजे ३३ वर्षांची चूक करणें होय. १८१८ सालीं पिस्तुलें चकमकीचीं होतीं व त्यांतून एका भरणींत नळीगणिक एकच बार निघे.

५. टोपीचीं रिव्हॉल्व्हरें मागें पडून काडतुसी आलीं तेव्हां जुन्या ब्यूमाँट-ॲडम्सचें चक्र बदलून तें ०.४५० इंचाच्या काडतुसांसाठीं सिद्ध करण्यांत आलें. हा बदल १८६८ चा. असा नमुना मिळाला तर त्यास बिघडलेला समजूं नये. एकाच कागदावर दोन काळांचे शेरे असावे तसा तो आहे. फक्त त्यास अठ्ठावनच्या लढाईंतील जसाचा तसा अवशेष म्हणतां येणार नाहीं. यानंतर १८८० व १८८२ चे एनफील्डचे ०.४७६ इंचाचे दोन नमुने झाले. ते फार लोकप्रिय झाले नाहींत.

६. मग १८८७ सालीं वेब्ली आलें, आणि पुढील साठ वर्षें मोठ्या बोअरचें इंग्रजी रिव्हॉल्व्हर म्हणजे वेब्ली असें समीकरण झालें. याची नळी पुढें मोडून उघडते व तसें करतांच सहाही रिकामीं काडतुसें एकदम बाहेर पडतात. माप ०.४५५ इंच. याचे सहा मार्क आहेत, ते असे :

मार्क १, १८८७. नळी ४ इंच. मूठ पक्ष्याच्या चोंचीसारखी वळलेली.

मार्क २, १८९४. घोड्याचें शेपूट मोठें; घोड्यापुढील आघाताची पट्टी निराळी बसविलेली.

मार्क ३, १८९७. चक्र बसविण्याच्या व काढण्याच्या योजनेंत सुधारणा. बाकी रूप दुसऱ्यासारखेंच.

मार्क ४, १८९९. पोलाद अधिक चांगलें. बोअर युद्धाशीं याचें नांव जोडलें गेलें आहे. नळ्या ३ पासून ६ इंचांपर्यंत निरनिराळ्या लांबीच्या मिळत.

मार्क ५, १९१३. निर्धूर दारूच्या काडतुसांसाठीं चक्र किंचित् रुंद केलेलें.

मार्क ६, मे १९१५. नळी ६ इंच, मूठ चौकोनी, पुढील माशी काढतां येण्याजोगी. पहिल्या महायुद्धांत हाच सर्वांत अधिक संख्येनें निघाला.

मुठीवरून एकदम परीक्षा होते : गोल चोंचीची मूठ पहिल्या पांचांची, चौकोनी सहाव्याची. मात्र मार्क ४ या नांवानें फसूं नये. पहिल्या महायुद्धानंतर याच कारखान्यानें ०.३८ इंचाचें जें लहान रिव्हॉल्व्हर काढलें त्यासही मार्क ४ असेंच म्हणतात. तेव्हां नांव वाचण्यापूर्वीं नळीचें तोंड मोजावें. १९३२ पासून सैन्यांत आलेलें ०.३८ चें एनफील्डही दुरून वेब्लीसारखें दिसतें.

७. या जंगलांत असल्या रिव्हॉल्व्हरचा उपयोग काय होता ? अल्लापल्लीच्या सागवानांत, भामरागडाकडील डोंगरांत किंवा ताडोब्याच्या बांबूच्या रानांत हिंडणारा अंमलदार तें शेवटचा उपाय म्हणून बाळगी. वाघ मारण्याचें तें शस्त्र नव्हे. त्याची शिशाची गोळी २६५ ग्रेनची, म्हणजे सुमारें १७ ग्रॅमची. पण वेग सेकंदास सहाशें फुटांच्या आसपास. त्या काळच्या काळ्या दारूच्या एक्सप्रेस रायफलीची गोळी १,६०० फुटांहून अधिक वेगानें जाई. हत्तीवर झेंपावणाऱ्या वाघासाठीं हौद्यांत ठेवावयाचें जें जाड दुनळी पिस्तुल असे, तें निराळें. म्हणून वेब्लीनें वाघ लोळविल्याची कथा कोणी सांगितली तर ती लिहून घ्यावी, पण दुसरा पुरावा मिळेपर्यंत कथा म्हणूनच ठेवावी.

८. निवड करतांना पुढील गोष्टी पाहाव्या. सांगाडा व चक्र यांवरील क्रमांक एकच आहेत काय. परीक्षेचे छाप, सरकारी बाणाची खूण, निर्मात्याचें नांव व वर्ष वाचतां येतात काय. मूळची काळसर निळी झांक शिल्लक आहे कीं मागाहून निकेलचा मुलामा दिला आहे. इंग्रज अंमलदार पुष्कळदां स्वतःच्या खर्चानें रिव्हॉल्व्हर घेत. त्यामुळें नळीवर किंवा वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटनसारख्या विक्रेत्याचें नांव आढळतें. तें विकणाऱ्याचें, करणाऱ्याचें नव्हे. मात्र असें नांव फार मोलाचें, कारण तें शस्त्र कोणत्या वाटेनें आलें हें त्यावरून समजतें. चकाकी आणण्यासाठीं एकदां कानस फिरली कीं हा सर्व मजकूर जातो, व तो पुनः लिहितां येत नाहीं.

आमच्या जंगली मुलखांतील पावसाळाही विसरूं नये. काळ्या दारूची काजळी व जुन्या टोप्यांतील क्षार ओल शोषून घेतात, व न धुतलेली नळी आंतून कुरतडली जाते. म्हणून नळी आंतून खरबरीत असली तर शस्त्र कामांत आलेलें होतें एवढें अनुमान निघतें. तो दोष मानून नळी बदलूं नये. हलक्या तेलाचें बोट फिरवून कोरड्या जागीं ठेवावें. चामड्याच्या म्यानांत ठेवूं नये, कारण चामडें ओल धरतें.

९. आतां उडविण्याचा प्रश्न. ज्या देशांत कायद्याची आडकाठी नाहीं तेथील नेमबाज सहा मार्कांत सहावा पसंत करतात, व तें योग्य आहे : नळी लांब, मूठ हातांत बसणारी, चक्र रुंद. परंतु त्यांतही एक धोका आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत गेलेल्या अनेक वेब्लींचीं चक्रें मागून कांतून तीं ०.४५ च्या बिनकडेच्या पिस्तुली काडतुसांजोगीं केलीं गेलीं. त्या काडतुसाचा दाब मूळच्या ०.४५५ पेक्षां पुष्कळच जास्त असून वेब्लीच्या परीक्षेच्या दाबाच्या जवळ जातो. चक्र फुटून हात जाण्याचा तो मार्ग आहे. कांतलेलें चक्र संग्रहाच्याही कामाचें नाहीं व नेमबाजीच्याही. टोपीचीं रिव्हॉल्व्हरें तर उडवूंच नयेत; शेंदीडशें वर्षांच्या लोखंडाची परीक्षा स्वतःच्या हातावर करण्याचें कारण नाहीं.

आपल्या देशांत हा प्रश्न कायद्यानेंच बहुतांशीं सोडविला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनीं ०.४५५ व ०.३८० इंचाचीं कडेचीं काडतुसें घेणारीं रिव्हॉल्व्हरें निषिद्ध वर्गांत घातलीं असून, तीं बाळगण्यास केंद्र सरकारची विशेष परवानगी लागते. दुरुस्त करूनही उडवितां येणार नाहीं असें जुन्या घडणीचें किंवा पुराणवस्तूच्या मोलाचें शस्त्र कायद्यांतून वगळलेलें आहे. पण ती सवलत कोणत्या शस्त्रास लागू पडते हें अधिकाऱ्याकडून ठरवून घ्यावें, आपल्या मनानें ठरवूं नये. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे, व ती वारसाहक्कानें आलेल्या शस्त्रांसही लागू आहे. ज्यांस वेब्लीची मोडती रचना हातानें अनुभवावयाची असेल, त्यांनीं कानपूरच्या सरकारी कारखान्याचें ०.३२ चें रिव्हॉल्व्हर परवान्यानें घ्यावें. त्याची घडण वेब्लीच्याच वळणाची आहे व तें निषिद्ध वर्गांत येत नाहीं. जुनें शस्त्र मात्र जुनेंच राहूं द्यावें.

१०. तात्पर्य, निवडीचा नियम असा ठरतो. ज्या घटनेचा पुरावा म्हणून शस्त्र ठेवावयाचें, त्या घटनेच्या सालापूर्वींचा तें असलें पाहिजे. १८५८ साठीं वेब्ली कितीही सुंदर असलें तरी निरुपयोगी. त्यानंतर दुर्मिळतेपेक्षां हकीकतीस महत्त्व द्यावें. मार्क ३ थोडे व मार्क ६ पुष्कळ, हें खरें. परंतु कोठून आलें हें न कळणाऱ्या मार्क ३ पेक्षां, सिरोंच्याच्या किंवा अहेरीच्या बाजूस कोणाच्या कामीं होतें हें कागदोपत्रीं सिद्ध करतां येणारें झिजलेलें मार्क ६ चांदा प्रांताच्या संग्रहास अधिक मोलाचें आहे.

जमीनदाऱ्या १९५१ सालीं गेल्या, शिकारी बंद झाल्या, आणि परवाना सांभाळणारी पिढीही सरत चालली आहे. परवान्याच्या अडचणीनें शस्त्र जमा होतें, व त्याबरोबर त्याची हकीकत नाहींशी होते. म्हणून ज्यांच्या घरीं असें शस्त्र रीतसर परवान्यानें आहे त्यांनीं तें देण्याघेण्यापूर्वीं त्यावरील प्रत्येक अक्षर व अंक उतरून घ्यावा, छायाचित्र काढावें, जुने परवाने व पावत्या जपून ठेवाव्या, आणि घरांतील वडील माणसांस त्याविषयीं जें ठाऊक असेल तें त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून घ्यावें. शस्त्र ठेवणें अशक्य झाल्यास नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयासारख्या ठिकाणीं कायदेशीर मार्गानें तें देतां येईल काय हें विचारून पाहावें. तेंही न साधलें तरी निदान हा लेखी मजकूर मंडळाच्या दप्तरीं यावा, अशी आमची विनंती आहे.