व्हिगो हानस्टेन

व्हिगो हानस्टेन (जन्म : १३ सप्टेंबर १९००; मृत्यू : १० सप्टेंबर १९४१) हे नॉर्वेतील वकील, कामगार चळवळीचे कायदेविषयक सल्लागार आणि साम्यवादी राजकारणी होते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात असताना ऑस्लोमध्ये झालेल्या ‘दुधाच्या संपा’नंतर त्यांना व कामगार प्रतिनिधी रोल्फ विकस्ट्रम यांना एकाच दिवशी गोळ्या घालून ठार करण्यात आले. तो संप हानस्टेन यांनी पुकारला नव्हता.

== वकिली आणि कामगार चळवळ ==

हानस्टेन यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. विद्यार्थी व बुद्धिजीवी यांच्या ‘मूट डाग’ (पहाटेकडे) या डाव्या गटाशी त्यांचा संबंध आला. पुढे ते नॉर्वेच्या साम्यवादी पक्षात गेले. ग्रंथपाल असलेल्या किर्स्टेन मू यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९३० च्या दशकात ते नॉर्वेतील कामगार संघटनांच्या महासंघाचे (एल.ओ.) वकील झाले. नॉर्वेमध्ये १९१५ च्या कायद्याने कामगार न्यायालयाची तरतूद झाली होती. १९३५ मध्ये एल.ओ. आणि मालकांची संघटना यांच्यात ‘मुख्य करार’ झाला. त्यात कामगार प्रतिनिधींचे हक्क आणि वाटाघाटींची रीत ठरवून देण्यात आली. पूर्वी संप व टाळेबंदीच्या बळावर लढले जाणारे अनेक वाद यानंतर करारातील कलमांच्या अर्थावरून लढले जाऊ लागले. त्यामुळे कामगार संघटनेत वकिलाच्या कामाचे महत्त्व वाढले.

== जर्मन ताबा ==

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. ७ जून रोजी राजे सातवे होकोन आणि सरकार ट्रोम्सो येथून ब्रिटनला रवाना झाले. हानस्टेनही त्या सुमारास ब्रिटनला गेले. मात्र त्याच उन्हाळ्यात ते मायदेशी परतले. ऑगस्टमध्ये साम्यवादी पक्षावर बंदी आली. २५ सप्टेंबर रोजी जर्मन राइशकोमिसार योसेफ टेरबोव्हेन यांनी क्विसलिंग यांच्या ‘नाशूनाल सामलिंग’ या पक्षाखेरीज सर्व राजकीय पक्ष बरखास्त केले.

एल.ओ. मात्र बरखास्त झाली नाही. संघटना कायदेशीरपणे चालू ठेवायची, पण तिला नाझींचे साधन होऊ द्यायचे नाही, असा पेच तिच्यापुढे उभा राहिला. मे १९४१ मध्ये ४३ संघटनांनी टेरबोव्हेन यांना निषेधाचे पत्र पाठवले. त्याला उत्तर म्हणून जून महिन्यात अनेक संघटना बरखास्त करण्यात आल्या किंवा नाझींनी नेमलेल्या व्यक्तींच्या हाती देण्यात आल्या. या काळात हानस्टेन हे एल.ओ.मधील नाझीविरोधी भूमिकेचे प्रमुख प्रतिनिधी होते.

== दुधाचा संप ==

८ सप्टेंबर १९४१ रोजी सकाळी ऑस्लोतील कारखान्यांमध्ये कामगारांना मिळणारे दूध बंद झाल्याचे आढळले. अन्नटंचाईच्या दिवसांत हे दूध म्हणजे कामगारांच्या आहाराचा महत्त्वाचा भाग होता. कामगारांनी उत्स्फूर्तपणे काम थांबवले. दुसऱ्या दिवशी संप आणखी पसरला आणि हजारो कामगार त्यात सामील झाले. या संपामुळे जर्मनांना कठोर कारवाईसाठी निमित्त मिळेल, असा धोका होता. हानस्टेन यांनी संप आवरता घेण्याची भूमिका घेतली.

१० सप्टेंबरच्या पहाटेपासून टेरबोव्हेन यांनी ऑस्लो व लगतच्या आकेर भागात नागरी आणीबाणी लागू केली. अटकसत्र सुरू झाले. तातडीच्या लष्करी पद्धतीच्या न्यायालयाने हानस्टेन व विकस्ट्रम यांना देहदंडाची शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी ती अमलात आणली. एक्केचाळिसावा वाढदिवस तीन दिवसांवर आला असताना हानस्टेन यांचा मृत्यू झाला. विकस्ट्रम हे ‘स्काबो’ या रेल्वे डबे बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांचे मुख्य प्रतिनिधी होते. त्यांचे वय २८ वर्षे होते.

== परिणाम ==

कारवाईचा रोख केवळ संपकऱ्यांवर नव्हता. लूडविक बूलान आणि योसेफ लार्सोन या कामगार नेत्यांनाही देहदंड सुनावला गेला. नंतर तो जन्मठेपेत बदलण्यात आला. ऑस्लो विद्यापीठाचे कुलगुरू दिद्रिक आरुप साइप यांना अटक झाली. एल.ओ.चे नेतृत्व नाझी पक्षाच्या लोकांकडे देण्यात आले. १६ सप्टेंबर रोजी आणीबाणी उठली, परंतु कामगार संघटनांचा उघडपणे विरोध करण्याचा मार्ग बंद झाला होता. त्यानंतरचा विरोध प्रामुख्याने भूमिगत राहूनच झाला.

== स्मृती ==

नॉर्वेजियन कवी नूरदाल ग्रिग यांनी हानस्टेन यांच्यावर कविता लिहिली. स्वातंत्र्यानंतर १९४५ मध्ये किर्स्टेन हानस्टेन यांचा आयनार गेरहार्डसेन यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात समावेश झाला. नॉर्वेच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या महिला होत. त्याच वर्षी त्या साम्यवादी पक्षातर्फे संसदेवर निवडून आल्या. हानस्टेन आणि विकस्ट्रम यांचे स्मारक ऑस्लो शहरात आहे. नॉर्वेच्या कामगार चळवळीत या दोघांची नावे आजही जोडीनेच घेतली जातात.