मालकाच्या नावाची शर्यत



सुगी आटोपली, रानातली घाई थोडी कमी झाली, म्हणजे आपल्या मराठवाड्यात शंकरपटाची पत्रके भिंतींवर दिसू लागतात. पूर्णेच्या स्टेशनाबाहेर म्हणा, बाजाराच्या दिवशी म्हणा, माणसे उभी राहून ती वाचतात. पत्रकात वरती गावच्या देवाचे नाव असते, खाली बक्षिसांचे आकडे असतात, आणि या दोहोंच्या मध्ये पुष्कळदा एक बारीक ओळ असते : 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ'. आपली नजर आकड्यांवर जाते, मधली ओळ वाचायची राहून जाते. आज आपण त्या मधल्या ओळीविषयीच बोलू.

ज्याच्या नावाने असा पट भरतो, तो माणूस पुष्कळदा बैलांचा शौकीन मालक असतो. त्याने स्वतः कासरा धरून जोडी पळवली असेलच असे नाही. शर्यतीत तिघांचा वाटा असतो, हे ध्यानात घ्या. पळतो तो बैल. हाकतो तो गडी. विदर्भात त्याला धुरकरी म्हणतात. आणि तिसरा तो मालक. पुण्याकडे त्याला गाडामालक असे नावच आहे. धाव असते काही सेकंदांची. मालकाचे काम असते वर्षाच्या बाराही महिन्यांचे. वासरू पारखून घ्यायचे, त्याचा जोडीदार शोधायचा, कडबा, पेंड नि भरडा पुरवायचा, पहाटे फिरवून आणायचे, खूर बघायचे, खांदा सुजला तर जू ठेवायचे नाही. दुष्काळाच्या साली स्वतःच्या घरात ओढ असली तरी दावणीला कमी पडू द्यायचे नाही. हे सारे मैदानाबाहेर चालते, म्हणून लोकांच्या डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा मालक गेल्यावर त्याच्या नावाने पट भरवणे म्हणजे न दिसलेल्या कष्टांची आठवण ठेवणे होय.

आता शर्यतीचे प्रकार पाहू, कारण महाराष्ट्रात ती सगळीकडे एकसारखी नाही. विदर्भात आणि आपल्या भागात शंकरपट. त्यात हलका छकडा जोडलेली जोडी सरळ धावेवर पळते आणि घड्याळ लावून तिचा वेळ मोजतात. अमरावती जिल्ह्यातले तळेगाव दशासर हे गाव या पटासाठी फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. पुणे जिल्ह्यात घाटातला बैलगाडा. तिथे चढाची धाव असते, गाड्याला बैल जुंपतात आणि पुढे घोडी असते. प्रत्येक गाड्याच्या पाळीला बारी म्हणतात. सातारा-सांगलीकडे एका वेळी अनेक गाड्या आपापल्या चाकोरीतून सुटतात, आणि फेऱ्याफेऱ्यांतून निवडून शेवटच्या फेरीत येतात. रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूतही गाड्या पळतात.

बैलांच्या जातीही सारख्या नाहीत. पळण्यात नाव आहे ते खिल्लाराचे. सोलापूर, सांगली, सातारा हा त्याचा मुलूख. आपल्याकडचा लाल कंधारी हा नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा, तांबड्या रंगाचा, नि परभणीच्या काळ्या रानात औत ओढणारा कणखर बैल. देवणी लातूरकडची. औताचा बैल आणि धावेचा बैल यांना एकाच मापाने मोजू नये, एवढे यातून घ्यावे.

वयाचेही तसेच. शहाणे आयोजक दातांवरून गट पाडतात. दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दोन कायमचे दात येतात, तो दुसा. मग चार, मग सहा, आणि साडेचार वर्षांच्या आसपास आठही दात येऊन बैल जुळतो. आदत वासराला जुळलेल्या बैलाबरोबर पळवले तर हार-जीत आधीच ठरल्यासारखी आहे, आणि कोवळ्या सांध्यांना इजा होते ती वेगळीच.

वेळ मोजण्याची गोष्ट तर शाळेत गणिताच्या तासाला घेण्यासारखी आहे. समजा, धाव १०० मीटरची आहे आणि जोडीने ती ९ सेकंदांत काढली. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. ताशी ४० किलोमीटर. आता हातातल्या घड्याळाची कळ दाबायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा जरी उशीर झाला, तरी तेवढ्यात जोडी दोन मीटरांहून अधिक पुढे गेलेली असते. म्हणजे जवळजवळ एका बैलाची लांबी चुकली की हो! यासाठीच आता पुष्कळ ठिकाणी आपोआप सुरू होणारी आणि आपोआप थांबणारी विजेची घड्याळे लावतात. पटावरचे निम्मे तंटे घड्याळाचे असतात. ज्याच्या नावाने पट भरवला, त्याच्या नावाखाली तंटा होऊ नये, एवढी काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी.

मालकाच्या नावाने शर्यत ठेवण्याची ही रीत आपल्याच मुलखात आहे असे समजू नका. जिथे जिथे हाकणारा एक आणि मालक दुसरा, तिथे तिथे ती सापडते. थेट अमेरिकेतले एक उदाहरण सांगतो. तिथे बैलांच्या जागी मोटारी आहेत.

अमेरिकेत १९३३ सालापासून ठेंगण्या मोटारींच्या शर्यती भरू लागल्या. ही मोटार एकाच माणसापुरती, बिनदाराची, वजनाने साधारण चारशे किलो. पण आजच्या अशा मोटारीच्या यंत्राची ताकद तीनशे घोड्यांहून अधिक असते. स्वतःहून सुरू होण्याची सोयसुद्धा तिच्यात नसते. मागून दुसऱ्या गाडीने ढकलून ती सुरू करावी लागते. मातीच्या लंबगोल मैदानावर अशा वीस-पंचवीस मोटारी धूळ उडवीत गोल गोल फिरतात. कॅलिफोर्निया राज्यातल्या लॉस एंजेलिस शहरात १९३४ सालापासून अशी एक मोठी शर्यत सुरू झाली. नोव्हेंबर महिन्यात चौथ्या गुरुवारी तिकडे आभार मानण्याचा सण असतो. त्या दिवशी घरोघर टर्की नावाचा पक्षी शिजतो, म्हणून शर्यतीचे नाव पडले 'टर्की नाइट'.

या शर्यतीशी जे. सी. अगाजानियन या माणसाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्याचा जन्म १९१३ सालचा. घराणे आर्मेनियातून अमेरिकेत आलेले, आणि धंदा शहराचा केरकचरा उचलण्याचा नि डुकरे पाळण्याचा. तरुणपणी त्याने शर्यतीची मोटार घेतली आणि आपणच ती चालवायची असे मनात आणले. वडिलांनी साफ सांगितले की, मोटार पळवायची असेल तर या घरात राहता येणार नाही. मुलाने वडिलांचे ऐकले, पण मोटारही सोडली नाही. चालवायला दुसरा माणूस ठेवला आणि आपण मालक झाला. त्याच्या मोटारीवर ९८ हा आकडा असे. इंडियानापोलिस येथे होणारी पाचशे मैलांची शर्यत ही अमेरिकेतली सर्वांत मोठी मानतात. ती त्याच्या मोटारींनी दोनदा जिंकली : १९५२ साली ट्रॉय रटमन चालवीत होता आणि १९६३ साली पार्नेली जोन्स. पुढे शर्यती भरवण्याचे कामही तो करू लागला आणि टर्की नाइटची व्यवस्था त्याने बरीच वर्षे पाहिली.

अगाजानियन १९८४ साली वारला. शर्यत त्याच्या आधीपासूनची होती आणि ती त्याच्यानंतरही चालू राहिली. त्याच्या मुलांनी ती पुढे चालवली. ज्या अस्कॉट पार्क मैदानावर ती पुष्कळ वर्षे होई, ते मैदान १९९० साली बंद झाले. तरी दुसऱ्या मैदानांवर ती भरत गेली. आणि आठवण कशी ठेवली पाहा. शर्यतीला अगाजानियनचे नाव दिलेच, शिवाय तिचे फेरे ठेवले ९८. त्याच्या मोटारीचा आकडा तोच शर्यतीच्या फेऱ्यांचा. पुतळा नाही, लांबलचक भाषण नाही. जिंकायचे असेल तर चालवणाऱ्याने मालकाचा आकडा मोजूनच पुरा करायचा. आठवण शर्यतीच्या नियमातच बसवून टाकली आहे.

यातून आपण काय घ्यायचे? ते सांगण्याआधी एक मोठा फरक सांगितला पाहिजे. मोटारीचे यंत्र तापले, मोडले, तरी त्याला दुखत नाही. बैलाला दुखते. तो जिवंत प्राणी आहे, आणि आपल्याला काय होते ते सांगायला त्याला वाचा नाही. म्हणून बैलांच्या शर्यतीत कायदा आला, आणि तो येणे रास्तच होते.

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास बंदी करणारा मूळ कायदा १९६० सालचा आहे. २०११ साली केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतले जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती या दोन्हींना मनाई केली. बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, आणि शर्यतीत तो पळतो तो भीतीने नि वेदनेने, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना अटींवर वाट करून दिली. परंतु उच्च न्यायालयाने ती अडवली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम पाळून शर्यती घेण्यास तात्पुरती मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे ग्राह्य धरले.

याचा अर्थ, आता कोणीही उठावे आणि मैदान आखून बैल सोडावेत, असा मुळीच नाही. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते, अनामत ठेवावी लागते, पशुवैद्यांकडून बैलांची तपासणी करून घ्यावी लागते. धाव एक हजार मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही. चाबूक, काठी, पराणी, विजेचा झटका, शेपूट पिरगाळणे, बैलाला अमली पदार्थ पाजणे, हे सगळे वर्ज्य. नियम मोडला तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काही मंडळी म्हणतात, शर्यती आहेत म्हणून जातिवंत बैल टिकला, नाही तर ट्रॅक्टरने त्याची जागा केव्हाच घेतली. या म्हणण्यात तथ्य आहे. आज औतासाठी बैल पाळणारी घरे कमी होत आहेत, हे आपण डोळ्यांनी पाहतोच. पण बैल टिकवायचा तो त्याचे हाल करण्यासाठी नव्हे. आणि हालाची परीक्षा मैदानावर होत नाही, ती गोठ्यात होते. बैल जिंकतो तोवर त्याच्या गळ्यात हार पडतात. पाच-सात वर्षांनी त्याचा वेग कमी झाला, मग त्याचे काय होते? खऱ्या मालकाची ओळख तिथे पटते. जो थकलेल्या बैलालाही दावणीला ठेवतो आणि पोळ्याला त्याच्याही अंगावर झूल घालतो, त्याच्याच नावाने पट भरवावा.

म्हणून पूर्णा तालुक्यातल्या ज्या कुणाला आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने पट भरवायचा असेल, त्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, परवानगीचे काम पत्रक छापण्याआधी करावे, छापल्यानंतर नव्हे. दुसरी, बक्षिसे दोन ठेवावीत : एक वेगाचे आणि एक निगराणीचे. निगराणीचे बक्षीस पशुवैद्यांनी ठरवावे. खांद्यावर जखम आहे का, खूर कसे आहेत, पाठीवर वळ आहेत का, बैल माणसाला बुजतो की विश्वासाने जवळ येतो, हे पाहावे आणि मग गुण द्यावेत. तिसरी, पत्रकावरच्या त्या मधल्या ओळीत नुसते नाव नको. त्या माणसाने कोणती जोडी पाळली, किती वर्षे पाळली, हे दोन वाक्यांत लिहावे. बैलांची नावेही लिहावीत. तेवढा कागद आपल्या गावाचा इतिहास होऊन राहील.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना पाठवून गावातल्या जुन्या मालकांकडून अशी माहिती जमा करून घ्या. बैलाचे दात कसे ओळखतात, कोणत्या साली कोणता चारा घातला, दुष्काळात जनावरे कशी जगवली, हे त्यांच्या तोंडून वहीत उतरवून घ्या. वेगाचे गणित फळ्यावर सोडवा, आणि कायद्याची माहिती नागरिकशास्त्राच्या तासाला द्या. ही म्हातारी माणसे आज पारावर बसलेली आहेत. त्यांना विचारायला उशीर करू नका.