पट्टीवरची वजाबाकी

1970 मध्ये शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि ठाणे-रायगडच्या 95 गावांतल्या भातशेतीवर, मिठागरांवर नवी मुंबई उभी राहू लागली. जमिनीच्या मोबदल्यासाठी 1984 च्या जासई आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. आगरी-कोळ्यांची शेती घेणाऱ्या या शहरातच पुढे राज्यभराच्या शेतमालाची मोठी पेठ वसली, हे विसरून वाशीच्या बाजाराबद्दल बोलता येत नाही.

1981 मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून वाशीला आला, 1996 मध्ये भाजी आणि फळांचा. गिऱ्हाईक खाडी ओलांडून येणार नाही, ही व्यापाऱ्यांची भीती खोटी ठरली. जुन्नर-नाशिकच्या गाड्यांना मुंबईच्या गल्ल्यांत अडकून पडावे लागेना. शेतकऱ्याच्या पदरात मात्र किती पडले, हे पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, सांगते. वर वजन आणि भाव. खाली हमाली, तोलाई, गाडीभाडे; 2016 पर्यंत अडतही, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचे कमिशन. भाव पडला की शेवटचा आकडा भाड्यालाही पुरत नाही. हापूसचा भाव तर रुमालाखाली बोटांनी ठरायचा आणि देवगडच्या बागायतदाराला कळायचा तो थेट पट्टीवरच.

यातल्या हमालीबद्दल माझी तक्रार नाही. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यामुळे 1969 मध्ये माथाडी कायदा झाला आणि माथाडींना हक्काची मजुरी मिळाली. तो पाठीवर गोणी वाहणाऱ्याच्या घामाचा पैसा आहे. वाद अडतीचा होता. 2016 मध्ये सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत खरेदीदारावर टाकली. निर्णय योग्यच होता, पण हंगामाआधी अडत्याकडून उचल घेतलेला बागायतदार माल दुसरीकडे नेणार कसा? भांडवलाची सोय झाल्याशिवाय ही मोकळीक कागदावरच राहते.

मे 2020 मध्ये करोनामुळे बाजार आठवडाभर बंद राहिला. त्या टाळेबंदीत शेतकरी गटांचे टेम्पो थेट सोसायट्यांच्या फाटकाशी येत होते, नाशिकजवळच्या मोहाडीची ‘सह्याद्री’ ही शेतकऱ्यांची कंपनी घरपोच भाजी-फळे देत होती. शहराने मनात आणले तर हे जमते, हे तेव्हा दिसले. पण बाजार उघडल्यावर बहुतेकांनी ती वाट सोडली.

नवी मुंबईतल्या सोसायट्यांनी ती पुन्हा धरावी. एका शेतकरी गटाशी आठवड्याचा वार ठरवा, मागणी आधी कळवा, भाव हंगामापुरता बांधून घ्या, जमल्यास थोडी रक्कम आगाऊ द्या. आणि पैसे त्याच दिवशी चुकते करा.