मेणावर उभं राहिलेलं गाव

फिनलंडहून आलेल्या कामगारांनी १९०१ साली कॅनडातल्या एका बेटावर ‘सोइंतुला’ ही समाजवादी वसाहत थाटली. काही वर्षांतच तिची सहकारी कंपनी बुडाली. असंच एकत्र येऊन वसवलेलं, चेन्नईजवळ इंजंबाक्कमच्या किनाऱ्यावरचं चोलमंडल हे चित्रकारांचं गाव मात्र टिकलं. मद्रास कलाशाळेचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते १९६६ साली वसवलं. जमीन घेतली ती बाटिकसारख्या हस्तकलेच्या कमाईतून. बाटिक म्हणजे कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची, मग कापड रंगात बुडवायचं. मेणाखालची जागा कोरी राहते. पोटासाठी हे काम आणि उरलेला वेळ चित्रांना. नोकरी न धरता चित्रकार राहता यावं, एवढ्यासाठी या मुलांनी वाळूत झोपड्या बांधल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.